आठी आणि घडी

१९८७ साली कॅनडातल्या व्हँकूव्हर शहरात एक बाई आपल्या डोळ्यांच्या डॉक्टरांवर रागावल्या. त्यांच्या पापण्या आपोआप गच्च मिटायच्या. ब्लेफरोस्पॅझम म्हणतात या विकाराला. डॉ. जीन करुदर्स त्यांना ठरावीक महिन्यांनी डोळ्यांभोवती बोटुलिनमची इंजेक्शनं देत. त्या दिवशी दोन भुवयांच्या मधली जागा टोचायची राहिली आणि बाईंनी जाब विचारला. तिथले स्नायू काही आखडत नव्हते, मग तिथे सुई कशाला, हा डॉक्टरांचा प्रश्न. बाईंचं म्हणणं साधं होतं : तिथे टोचलं की चेहरा कसा शांत दिसतो, कसली चिंताच नसल्यासारखा.

डॉक्टरीणबाईंनी ही गोष्ट रात्री जेवताना नवऱ्याला सांगितली. डॉ. अलास्टेअर करुदर्स त्वचारोगतज्ज्ञ. कपाळावरच्या आठ्या घालवून द्या म्हणणारे रुग्ण त्यांच्याकडे रोज यायचे आणि त्यांना द्यायला टिकाऊ असं काही त्यांच्याजवळ नव्हतं. दुसऱ्या दिवशी दवाखान्यातली स्वागतिका खुर्चीत बसायला तयार झाली आणि भुवयांच्या मध्ये, केवळ सौंदर्यासाठी, पहिली सुई टोचली गेली. १८ रुग्णांवरचा त्यांचा अभ्यास छापून आला १९९२ मध्ये. आज आपल्या तालुक्याच्या गावी, बाजारपेठेतल्या दुसऱ्या मजल्यावर, 'बोटॉक्स-फिलर-लेसर' अशी पाटी लागलेली दिसते, तिची सुरुवात त्या बाईंच्या रागापासून झाली.

तुळशीचं लग्न लागलं की मुहूर्त सुरू होतात, आणि त्याआधीच्या दिवसांत अशा दवाखान्यांतली गर्दी वाढते. येणारी फक्त नवरी नसते. नवरीची आई असते, मावशी असते, हल्ली वडीलही असतात. आंतरराष्ट्रीय सौंदर्य-शल्यचिकित्सकांच्या संघटनेनं २०२३ साली जगभरात बोटुलिनमच्या इंजेक्शनांचे ८८ लाखांहून अधिक उपचार मोजले, हायल्युरॉनिक आम्लाच्या फिलरचे सुमारे ५५ लाख. इतकी माणसं ज्या वाटेनं जाताहेत त्या वाटेची माहिती मात्र बहुतेकांना जाहिरातीतूनच मिळते. म्हणून हा लेख.

सगळ्यात मोठा घोटाळा शब्दातच आहे. वनस्पती तुपाला जसं सरसकट 'डालडा' म्हटलं गेलं, तसं चेहऱ्यात टोचलेल्या कशालाही आपण 'बोटॉक्स' म्हणतो. फुगलेले ओठ पाहून 'हिनं बोटॉक्स केलंय' असं म्हणणाऱ्याचं नेमकं चुकतं, कारण बोटॉक्स काहीच फुगवत नाही. बोटॉक्स हे बोटुलिनम या औषधाचं एक व्यापारी नाव. ते स्नायूला विश्रांती देतं. फिलर हा जेल. तो रिकामी झालेली जागा भरतो. दोन्ही सुईतून जातात, एवढंच त्यांच्यात सारखं आहे.

घरचा आरसा हा इथला पहिला डॉक्टर. दिवसाउजेडी खिडकीपाशी उभं राहा. आधी चेहरा सैल सोडा, काहीही हावभाव नको. आता रागावल्यासारख्या भुवया जवळ आणा : मध्ये दोन उभ्या रेघा उमटतात. भुवया वर चढवा : कपाळावर आडव्या आठ्या पडतात. मनापासून हसा : डोळ्यांच्या बाहेरच्या कोपऱ्यांतून पंख्यासारख्या रेषा फाकतात. आता पुन्हा चेहरा सैल सोडा. ज्या रेघा गेल्या त्या हालचालीच्या. ज्या राहिल्या त्या कातडीत मुरलेल्या. मग हातात लहान आरसा घेऊन अंथरुणावर उताणे पडा आणि खालून वर पाहा. नाकपुडीच्या बाजूनं ओठाच्या कोपऱ्याकडे उतरणारी घडी पडल्यापडल्या निम्मी झाली असेल, तर ती स्नायूनं पाडलेली नाही. गालाचा आधार कमी झाला, चरबीच्या गाद्या आटल्या आणि सरकल्या, हाडही थोडं झिजलं, म्हणून वरचं कातडं ओघळलं.

आठी वेगळी, घडी वेगळी. आठी पडते ती कातडीखालचा स्नायू वर्षानुवर्षं तेच ते मुडपत राहिल्यामुळे. घडी पडते ती आतला भराव कमी झाल्यामुळे. आठीला बोटुलिनम आणि घडीला फिलर, हे या सगळ्या विद्येचं मूळ कोष्टक आहे. जो डॉक्टर तुम्हाला आधी हसायला, रागवायला, भुवया चढवायला न लावता थेट 'पॅकेज' सांगतो, त्यानं तुमचा चेहरा पाहिलेलाच नाही.

आता या दोघांपैकी पहिल्याकडे, म्हणजे बोटुलिनम या विषाकडे वळू. विष हा शब्द इथे अलंकारिक नाही. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात जर्मनीतल्या व्युर्टेमबर्गमध्ये खराब सॉसेज खाऊन माणसं लुळी पडून मरत. युस्टिनुस केर्नर या कवी असलेल्या डॉक्टरानं त्या विकाराची लक्षणं टिपली, त्या सॉसेजचा अर्क स्वतःवरही थोडा वापरून पाहिला आणि थोड्या प्रमाणात हे विष एक दिवस औषध म्हणून वापरता येईल असं लिहून ठेवलं. लॅटिनमध्ये सॉसेजला बोटुलस म्हणतात, त्यावरून विकाराचं नाव बोटुलिझम. पुढे १८९५ च्या डिसेंबरात बेल्जियममधल्या एल्झेल गावी एका अंत्ययात्रेला आलेल्या वाजंत्री मंडळींनी खारवलेलं डुकराचं मांस खाल्लं आणि ती आजारी पडली. तिघे दगावले. एमिल व्हान एर्मेंगेम यांनी त्या मांसातून आणि मृतदेहातून हे विष बनवणारा जंतू शोधून काढला.

केर्नरचं म्हणणं खरं ठरायला दीडशे वर्षं लागली. सॅन फ्रान्सिस्कोतले नेत्रतज्ज्ञ ॲलन स्कॉट यांना तिरळेपणावर शस्त्रक्रियेशिवाय उपाय हवा होता. डोळा ओढून धरणारा स्नायू थोडा सैल करता आला तर? आधी माकडांवर, मग माणसांवर त्यांनी हे विष अतिसूक्ष्म मात्रेत वापरलं आणि १९८० साली निष्कर्ष जाहीर केले. १९८९ मध्ये अमेरिकेच्या एफडीएनं तिरळेपणा आणि पापण्यांच्या आकडीसाठी ते मान्य केलं. नंतर कंपनीनं त्याचं नाव बोटॉक्स ठेवलं. भुवयांमधल्या आठ्यांसाठी मान्यता मिळाली ती १५ एप्रिल २००२ रोजी, डोळ्यांच्या कडेच्या रेषांसाठी २०१३ मध्ये आणि कपाळासाठी २०१७ मध्ये.

हे घडतं कसं? मेंदूचा हुकूम मज्जातंतूतून स्नायूपर्यंत पोचतो तो ॲसिटिलकोलीन नावाच्या रसायनाच्या हाती. हे रसायन मज्जातंतूच्या टोकाशी इवल्याशा पिशव्यांत भरलेलं असतं. पिशवी फुटून रसायन बाहेर पडायला जी प्रथिनं लागतात, त्यांतलं एक बोटुलिनम कापून टाकतं. हुकूम येतो, पण निरोप्या दाराबाहेर पडत नाही. स्नायू मरत नाही, नुसता थांबतो. मज्जातंतू हळूहळू ती यंत्रणा पुन्हा उभी करतो आणि तीन-चार महिन्यांत आठी परत येते.

प्रत्यक्ष खुर्चीत बसल्यावर हे सगळं फार लहान दिसतं. फ्रिजमध्ये २ ते ८ अंशांवर ठेवलेली कुपी बाहेर निघते. १०० युनिटच्या बोटॉक्सच्या कुपीत पाहिलं तर ती रिकामीच वाटते. तळाशी जेमतेम दिसेल असा पांढुरका थर असतो, आणि त्यातही औषधापेक्षा अल्ब्युमिन आणि मीठच जास्त. त्यात अडीच मिलिलिटर सलाईन सोडलं की दर दशांश मिलिलिटरमध्ये ४ युनिट येतात. डॉक्टर 'रागवा' म्हणतात, पांढऱ्या पेन्सिलीनं पाच ठिपके काढतात : एक नाकाच्या मुळाशी, दोन-दोन प्रत्येक भुवईच्या आतल्या बाजूवर. प्रत्येक ठिपक्यावर ४ युनिट, म्हणजे एकूण २०. इन्सुलिनला वापरतात तेवढी बारीक सुई. मुंगी चावल्यासारखं पाच वेळा होतं आणि दहा मिनिटांत काम संपतं. माकडांवरच्या प्रयोगांवरून माणसाला घातक ठरणाऱ्या मात्रेचा अंदाज २,५०० ते ३,००० युनिट असा काढला गेला आहे. २० युनिट त्याच्या शंभराव्या हिश्श्याहूनही कमी. खरं औषध, खरी मात्रा आणि जाणता हात असेल, तर घाबरण्याचं कारण नाही.

त्या दिवशी घरी गेल्यावर चेहरा चोळायचा नाही. दिवाळीचं अभ्यंग असलं तरी तेल मानेखालीच. आरशात लगेच काहीच दिसणार नाही. तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून फरक जाणवू लागतो आणि पूर्ण परिणाम दोन आठवड्यांनी येतो. म्हणून आठ दिवसांवर लग्न असताना हा उपचार पहिल्यांदा करून घेणं चूक. काही कमी-जास्त झालं तर सुधारायला हातात दिवसच उरत नाहीत.

सतत वापरल्यानं काय होतं, हे सांगणारं एक बोलकं उदाहरण २००६ साली वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. ३८ वर्षांच्या एकसारख्या जुळ्या बहिणी. एक अमेरिकेत राहायची आणि १३ वर्षं वर्षाकाठी दोन-तीनदा बोटॉक्स घ्यायची. दुसरी जर्मनीत म्युनिकला राहायची. तिनं तेवढ्या काळात फक्त दोनदा घेतलं होतं. चेहरा सैल असतानाही दुसरीच्या कपाळावर आणि भुवयांमध्ये रेघा मुरलेल्या होत्या, पहिलीच्या नव्हत्या. दोघींच्या नाकापासून ओठाकडे उतरणाऱ्या घड्या मात्र सारख्याच होत्या, कारण तिथे बोटॉक्स दिलंच नव्हतं. एकाच जोडीवरून सिद्धांत मांडता येत नाही हे खरं. तरी आठी आणि घडी यांतला फरक इतका स्पष्ट दुसरीकडे क्वचितच दिसेल.

कपाळाबद्दल थोडं थांबून सांगायला हवं, कारण सर्वाधिक नाराजी इथेच होते. कपाळावरचा फ्रॉन्टॅलिस हा भुवई वर उचलणारा एकमेव स्नायू. चाळिशी-पन्नाशीनंतर अनेकांच्या वरच्या पापण्या जडावतात आणि नकळत ते दिवसभर कपाळ आखडून भुवया वर धरतात. त्या आठ्या दिसायला वाईट असतील, पण त्यांच्यावर नजर तोललेली असते. अशा माणसाचं कपाळ पूर्ण गुळगुळीत केलं की भुवया खाली बसतात, डोळे लहान आणि थकलेले दिसतात आणि हे तीन महिने सोसावं लागतं. जाणता डॉक्टर इथे मात्रा कमी ठेवतो, वरच्या अर्ध्या भागातच देतो, किंवा सरळ नको म्हणतो. औषध चुकीच्या जागी झिरपलं तर पापणीही लोंबते. ती काही आठवड्यांत सावरते, पण तोवरचे फोटो कायमचे राहतात. गर्भारपणात, अंगावर पाजत असताना आणि मायस्थेनिया ग्रॅव्हिससारखा मज्जातंतू-स्नायूंचा विकार असेल तर हे इंजेक्शन घ्यायचंच नाही.

आणि एक हिशेबाची गोष्ट. बोटॉक्सचं युनिट आणि डिस्पोर्ट या दुसऱ्या कंपनीच्या बोटुलिनमचं युनिट एक नव्हे. भुवयांमधल्या ज्या आठ्यांना बोटॉक्सचे २० युनिट लागतात, तिथे डिस्पोर्टचे ५० युनिट हे मान्य प्रमाण आहे. प्रत्येक कंपनी आपलं युनिट आपल्या पद्धतीनं मोजते. त्यामुळे 'आमच्याकडे युनिट स्वस्त' या वाक्याला कुठलं औषध आणि किती युनिट, हे कळल्याशिवाय काही अर्थ नाही. औषधांमधला फरक मात्र जाहिरातीत दाखवतात तेवढा मोठा नाही. डिस्पोर्टचा परिणाम काहींना एखादा दिवस आधी दिसतो, झिओमिनमधली जोडप्रथिनं काढून टाकलेली असतात, २०२२ साली अमेरिकेत मान्य झालेलं डॅक्सिफाय अनेकांत सहा महिन्यांपर्यंत टिकतं. पहिल्यांदाच घेणाऱ्यानं कुपीच्या नावापेक्षा टोचणाऱ्याच्या अनुभवावर वेळ घालवावा.

फिलरचा इतिहास जास्त दुखरा आहे. १८९३ मध्ये जर्मन शल्यचिकित्सक फ्रान्त्स नॉयबर यांनी दंडातली चरबी काढून चेहऱ्यावरच्या व्रणाखाली भरली. काही वर्षांत व्हिएन्नात पॅराफिन टोचण्याची पद्धत निघाली. ग्लॅडिस डीकन ही आपल्या काळातली नामांकित सौंदर्यवती, पुढे मार्लबरोची डचेस झाली. नाकाचा उंचवटा सरळ दिसावा म्हणून तिनं पॅराफिन टोचून घेतलं. मेण कालांतरानं खाली ओघळलं आणि चेहरा कायमचा बिघडला. मग आला द्रवरूप सिलिकोनचा जमाना. दुसऱ्या महायुद्धानंतर जपानात, नंतर अमेरिकेत ते टोचलं गेलं. काही वर्षांनी गाठी, व्रण, जखमा दिसू लागल्या, पण टोचलेलं परत काढता येईना.

१९८१ मध्ये गाईच्या कातड्यापासून काढलेल्या कोलॅजनला अमेरिकेत मान्यता मिळाली. त्याची ॲलर्जी तपासायला आधी हातावर थेंब टोचून चार आठवडे थांबावं लागे, आणि एवढं करून परिणाम टिकायचा तीन-चार महिनेच.

हे चित्र पालटलं हायल्युरॉनिक आम्लानं. कोलंबिया विद्यापीठात कार्ल मायर आणि जॉन पामर यांनी १९३४ साली बैलाच्या डोळ्यातल्या काचेसारख्या द्रवातून ते वेगळं काढलं. नावातला 'हायलॉस' म्हणजे ग्रीक भाषेत काच. आपल्या कातडीत, सांध्यांत, डोळ्यांत ते मुळातच असतं. प्रौढ माणसाच्या अंगात साधारण १५ ग्रॅम, आणि त्यातला तिसरा हिस्सा शरीर रोज मोडून नव्यानं बनवतं. नुसतं टोचलं तर ते एक-दोन दिवसांत विरघळून जाईल. म्हणून त्याच्या साखळ्या रसायनानं एकमेकींत गुंफून जेल बनवतात. स्वीडनमधल्या उप्साला शहरात तयार झालेलं रेस्टिलेन युरोपात १९९६ मध्ये आलं आणि अमेरिकेत २००३ च्या डिसेंबरात.

गुंफण जितकी घट्ट, तितका जेल ताठ. गालाच्या हाडावर आधार द्यायला ताठ जेल लागतो, ओठाला मऊ. नाकाशेजारची घडी सरळ घडीतच भरून काढण्यापेक्षा गालाला थोडा आधार दिला की ती आपोआप हलकी होते, हे आता बहुतेक चांगले डॉक्टर मान्य करतात. सिरिंज बहुतेक एक मिलिलिटरची असते, म्हणजे चहाच्या चमच्याचा पाचवा हिस्सा. इतक्यात चेहरा वीस वर्षांनी मागे नेण्याचं आश्वासन कुणी देत असेल, तर ते खोटं आहे.

हायल्युरॉनिक आम्लाचा सगळ्यात मोठा गुण म्हणजे त्याला उतारा आहे. हायल्युरोनिडेज नावाचं विकर टोचलं की जेल तासा-दिवसांत विरघळतो. भारतात ते मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेत भूल नीट पसरावी म्हणून वर्षानुवर्षं वापरलं जातं, दुर्मीळ नाही. कॅल्शियम हायड्रॉक्सिलॲपेटाइट असलेलं रेडिएस, पॉलि-एल-लॅक्टिक आम्लाचं स्कल्प्ट्रा आणि पीएमएमए या प्लॅस्टिकच्या मण्यांचे फिलर, यांना असा उतारा नाही. पहिली दोन शरीराला स्वतःचं कोलॅजन बनवायला लावतात, त्यांचं काम चांगलं जमलेले डॉक्टर आहेत, आणि योग्य चेहऱ्यावर परिणामही छान येतो. तरी पहिल्यांदा खुर्चीत बसणाऱ्याला सल्ला एकच : परत काढता येईल तेच घ्या. कायमस्वरूपी फिलर घेऊ नका. तुमचा चेहरा बदलत राहणार आणि ते मणी आहेत तिथेच राहणार.

विरघळणारा फिलरही जाहिरातीत सांगतात तितक्या लवकर जात नाही. सहा ते अठरा महिने असं सांगतात, पण ऑस्ट्रेलियात रुग्णांचे एमआरआय काढले तेव्हा दोन वर्षांनंतरही जेल जागेवर दिसला. दर वर्षी डोळे मिटून 'टॉपअप' करत गेलेले चेहरे उशीसारखे का दिसू लागतात, याचं एक कारण इथे आहे.

आता जे सांगायचं आहे ते कुठल्याही ब्यूटी पार्लरच्या पत्रकात छापलेलं नसतं. फिलर रक्तवाहिनीत गेला तर कातडी मरू शकते, आणि डोळाही जाऊ शकतो. भुवयांच्या मधल्या भागातल्या, नाकावरच्या आणि नाकाशेजारच्या रोहिण्या डोळ्याला रक्त पुरवणाऱ्या रोहिणीशी जोडलेल्या असतात. सुईचा दाब जास्त झाला तर जेल उलट दिशेनं मागे ढकलला जातो आणि दाब सुटताच डोळ्याच्या पडद्याकडे वाहतो. २०१५ साली कॅनडातल्या डॉक्टरांनी तोवर जगभरात नोंदल्या गेलेल्या अशा ९८ घटना एकत्र केल्या. जवळपास निम्म्या स्वतःच्याच चरबीच्या इंजेक्शनच्या होत्या, सुमारे पावभाग हायल्युरॉनिक आम्लाच्या. सर्वाधिक धोक्याची जागा भुवयांच्या मधली, त्यानंतर नाक. कोट्यवधी इंजेक्शनांत ही संख्या लहान आहे. पण डोळ्याच्या पडद्याचं रक्त थांबलं की वाचवायला हाती तास-दीड तासच असतो, आणि गेलेली नजर बहुतेक वेळा परत येत नाही.

म्हणून भुवयांमधल्या आठीला बोटुलिनमच. रेघ कातडीत खोल मुरली असेल तर दोन-तीन फेऱ्या धीर धरा, ती हळूहळू उथळ होते. 'इथे थोडं फिलर भरू या' असं कुणी सहज म्हणालं तर उठून या. टोचताना किंवा नंतर कातडी पांढरी पडली, जाळीसारखे निळसर डाग उमटले, अचानक असह्य दुखलं किंवा नजर अंधुक झाली, तर दुसऱ्या दिवसाची वाट पाहायची नाही. त्याच मिनिटाला डॉक्टरला सांगायचं, घरी आला असाल तर तसेच परत जायचं.

यापलीकडचा धोका बनावट मालाचा. २००४ च्या नोव्हेंबरात अमेरिकेतल्या फ्लोरिडात चार माणसं पूर्ण लुळी होऊन व्हेंटिलेटरवर गेली. त्यांच्या चेहऱ्यात प्रयोगशाळेसाठी बनवलेलं, माणसाला द्यायचं नसलेलं बोटुलिनम टोचलं होतं आणि टोचणाऱ्या डॉक्टरचा परवाना आधीच निलंबित होता. तो स्वतः त्या चौघांपैकी एक. वीस वर्षांनी, २०२४ मध्ये, त्याच देशात ११ राज्यांतल्या २२ जणांना बनावट किंवा चुकीच्या हातांनी दिलेल्या इंजेक्शनांनी त्रास झाला. ११ जणांना रुग्णालयात दाखल करावं लागलं. बरीचशी इंजेक्शनं घरांत किंवा स्पामध्ये दिली गेली होती. न्यू मेक्सिकोतल्या एका स्पामध्ये स्वतःच्याच रक्तातल्या प्लेटलेट चेहऱ्यात टोचून घेणाऱ्या तीन स्त्रियांना एचआयव्हीची लागण झाल्याचं अमेरिकी सरकारच्या आरोग्य यंत्रणेनं त्याच वर्षी जाहीर केलं. सुया, नळ्या पुन्हा वापरल्याशिवाय असं होत नाही. इतके कडक कायदे असलेल्या देशात हे घडतं, तर आपण किती सावध राहायला हवं?

आपल्याकडे बोटुलिनम हे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकता न येणारं औषध आहे आणि फिलर हे वैद्यकीय उपकरणांच्या नियमांखाली येतं. तरीही आठवडाभराचा 'कोर्स' करून प्रमाणपत्र भिंतीवर लावणारे आहेत, परदेशी नावाच्या कुपीवर निम्मी सूट देणारे आहेत. त्वचाविज्ञानातली एमडी किंवा डीएनबी, प्लास्टिक सर्जरीची एमसीएच, ही पदवी पाटीवर आहे का ते बघावं. डॉक्टरनं आपला नोंदणी क्रमांक दवाखान्यात आणि चिठ्ठीवर दाखवणं नियमानं बंधनकारक आहे, आणि महाराष्ट्र वैद्यक परिषदेच्या संकेतस्थळावर तो तपासता येतो. पाच मिनिटांचं काम आहे. सोन्याची अंगठी घेताना हॉलमार्क पाहणारी माणसं इथे मात्र लाजतात.

खर्चाचंही उघड बोलायला हवं. युनिटला ४०० रुपये धरले तर भुवयांमधल्या २० युनिटचे ८,००० होतात, आणि वर्षातून तीनदा म्हणजे २४,०००. वर कर. केवळ रूपासाठीच्या उपचारांना आरोग्यसेवेची जीएसटी सवलत नाही, १८ टक्के भरावे लागतात. विम्यात हे बसत नाही. हा खर्च एकदाचा नसतो, वर्षानुवर्षांचा असतो, आणि थांबवलात तर चेहरा पहिल्यापेक्षा वाईट होत नाही, जिथे असता तिथेच परत येतो. एक फेरी घेऊन पुढे न जाण्याची मुभा तुम्हाला कायम आहे, हे कुणी सांगत नाही म्हणून इथे सांगितलं.

आपल्या गव्हाळ-सावळ्या कातडीबद्दल एक शब्द. मेलॅनिन जास्त असल्यामुळे गोऱ्या कातडीच्या मानानं आपल्याकडे बारीक सुरकुत्या उशिरा येतात. आधी दिसतात ते काळे डाग, वांग, डोळ्यांखालची सावली. 'चेहरा म्हातारा दिसतो' म्हणून येणाऱ्या अनेकांची खरी तक्रार हीच असते आणि तिला यांतलं कुठलंच इंजेक्शन लागू पडत नाही. तिथे ऊन टाळणं आणि रात्रीचं रेटिनॉइड मलम जास्त काम करतं. २०१२ साली अमेरिकेतल्या एका वैद्यकीय नियतकालिकात ६९ वर्षांच्या ट्रकचालकाचा फोटो छापला होता. २८ वर्षं मालाचा ट्रक चालवताना खिडकीतून ऊन त्याच्या डाव्या गालावर पडत राहिलं. उजवी बाजू साठीतली दिसते, डावीवर खोल चरे आणि जाड लोंबती कातडी. माणूस एक, वय एक. ऑस्ट्रेलियातल्या नाम्बूर गावी साडेचार वर्षं चाललेल्या चाचणीत रोज सनस्क्रीन लावणाऱ्यांच्या कातडीचं वय, मनाला येईल तेव्हा लावणाऱ्यांपेक्षा २४ टक्के कमी वाढलेलं आढळलं. एका फिलरच्या सिरिंजच्या पैशांत काही वर्षांचं सनस्क्रीन येतं.

आठ्या घालवाव्यात की ठेवाव्यात, हा ज्याचा त्याचा प्रश्न. मुलाच्या लग्नात फोटो चांगले यावेत असं वाटणं यात गैर काहीच नाही, आणि ज्या बाईला आरशात सतत रागावलेला चेहरा दिसतो तिचं दुःख खोटं नाही. मात्र खुर्चीत बसण्याआधी चार गोष्टी विचाराच. माझी ही रेघ आठी आहे की घडी? कुठलं औषध, किती युनिट किंवा किती मिलिलिटर? सीलबंद कुपी माझ्यासमोर उघडणार का? आणि फिलर असेल तर हायल्युरोनिडेज या क्षणी दवाखान्यात आहे का, असेल तर दाखवा. सिरिंजच्या खोक्यावरचं बॅच क्रमांकाचं स्टिकर मागून घ्या आणि तारखेसह फाइलमध्ये चिकटवा. यांतल्या एका जरी प्रश्नाचं सरळ उत्तर मिळालं नाही, तर आगाऊ पैसे भरले असले तरी ते सोडून द्या आणि उठून बाहेर या.